लेकराच्या हृदयाचा नकाशा : थ्रीडी तपासणी कशासाठी?

मागच्या पावसाळ्यात पुंडलिकनगरच्या एका गल्लीतली माय कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. मुलगी तीन वर्षांची. रडली की ओठ निळे पडायचे, दारापासून नळापर्यंत चालली तरी मध्येच उकिडवी बसायची. टू-डी इको झाली होती. हृदयाचा थ्रीडी सिटी स्कॅनही शहरातल्याच एका सेंटरवर झाला होता. आता मुंबईच्या डॉक्टरांनी तोच सिटी पुन्हा करायला सांगितला होता, आणि घरात पैशांची जुळवाजुळव चालली होती. मायचा प्रश्न साधा होता. "ताई, मागच्या वेळी मशीनमध्ये घातलं तरी भोक बुजलं नाही, म्हणून परत घालायचं म्हणतेत का?"

आम्ही तिला हसलो नाही, तुम्हीही हसू नका. तिला कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं. ते मशीन भोक बुजवत नाही, औषधही देत नाही. ते फक्त बघतं. दुसऱ्यांदा करायला सांगायचं कारण वेगळंच निघालं, त्याच्याकडे पुढे येऊ. आधी त्या मशीनला काय दिसतं ते समजून घेऊ.

हृदय म्हणजे बाळाच्या मुठीएवढा पंप. त्यात चार कप्पे, वरचे दोन आणि खालचे दोन. उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसाकडे जातं, प्राणवायू घेऊन डावीकडे येतं, आणि डाव्या बाजूने सगळ्या अंगाला जातं. आईच्या पोटात पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच ही सगळी बांधणी होते. त्यात कुठे पडदा अपुरा राहिला, नळी अरुंद राहिली किंवा नळ्यांची जागा चुकली, तर त्याला जन्मजात हृदयदोष म्हणतात. हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांना असा काही ना काही दोष असतो. म्हणजे ही कुणा एका घरावर आलेली अवदसा नाही. ग्रहण पाळलं नाही म्हणून, बाहेरचं काही लागलं म्हणून असं होत नाही. असं म्हणणाऱ्या शेजारणीपासून त्या मायला आधी सोडवा.

साधं छिद्र असेल तर टू-डी इकोत ते चांगलं दिसतं. इको म्हणजे सोनोग्राफीच, छातीवरून केलेली. आवाजाच्या लहरी आत जातात, आपटून परत येतात आणि पडद्यावर चित्र उमटतं. त्यात किरण नसतात, सुई नसते, कितीही वेळा केली तरी बाळाला इजा नाही. एवढंच की बाळ शांत पडून राहायला हवं. लहान लेकराला कधी झोपेचं औषध पाजावं लागतं. काही ठिकाणी थ्रीडी इकोही होते, तिचा उपयोग जास्त करून हृदयाच्या झडपा नीट पाहण्यासाठी होतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायी घरं घाबरलेली आम्ही पाहिलीत. इकोच्या पडद्यावर लाल आणि निळे रंग चमकतात. एका बापाने तो फोटो पाहून घरी सांगितलं की लेकरात घाण रक्त भरलंय. तसं नसतं. मशीनच्या दांडीकडे येणारं रक्त ते लाल दाखवतं आणि दांडीपासून लांब जाणारं निळं. फक्त दिशा दाखवायला रंग दिलेत. रक्त शुद्ध की अशुद्ध याच्याशी त्यांचा संबंध नाही. सिटीच्या थ्रीडी चित्रातले रंगही संगणकाने भरलेले असतात.

मग एवढ्यावर भागत का नाही? कोबीचा गड्डा घ्या. उभा चिरला तर आत एक नक्षी दिसते, आडवा चिरला तर दुसरीच. टू-डी इको म्हणजे असे एकेक काप. अनुभवी डॉक्टर ते काप मनात जोडून अख्खा गड्डा उभा करतो. पण काही लेकरांच्या हृदयात नळ्या इतक्या आडव्यातिडव्या असतात की नुसते काप जोडून खात्री होत नाही. शिवाय फुप्फुसात हवा असते आणि हवेतून इकोच्या लहरी पुढे जात नाहीत. त्यामुळे फुप्फुसाच्या आडोशाच्या नळ्या इकोत नीट दिसत नाहीत.

वर सांगितलेल्या मुलीचं तेच होतं. तिच्या आजाराचं नाव डबल आउटलेट राइट व्हेंट्रिकल. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. अंगाला रक्त नेणारी महाधमनी डाव्या खालच्या कप्प्यातून निघायला हवी आणि फुप्फुसाकडची नळी उजव्यातून. या मुलीच्या दोन्ही नळ्या उजव्याच कप्प्यातून निघाल्या होत्या. मधल्या पडद्याला छिद्र होतं. डावीकडचं रक्त त्या छिद्रातूनच वाट काढत होतं.

अशा वेळी सर्जन काय करतात? छिद्र नुसतं बंद केलं तर डाव्या कप्प्याची वाटच बंद होईल. म्हणून शक्य असेल तिथे छिद्रापासून महाधमनीपर्यंत आतल्या आत एक बोगदा तयार करतात. छिद्र महाधमनीच्या जवळ असेल तर हे जमतं. लांब असेल, मध्ये झडपेचे धागे आडवे येत असतील, तर ऑपरेशनची आखणीच बदलते. हे अंतर, हा कोन, हा आडोसा छाती उघडण्याच्या आधी माहीत हवा. घरात नळाचं काम काढताना भिंत फोडण्याआधी पाइप कुठून गेलाय ते आपण विचारतो ना? तसंच. ऑपरेशन चालू असताना हृदय थांबवून कृत्रिम यंत्रावर रक्त फिरवतात. तिथे शोधाशोध करायला जास्त वेळ नसतो.

सिटी स्कॅनमध्ये हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देतात आणि एक्स-रेने छातीचे शेकडो बारीक काप काही सेकंदांत टिपतात. लहान बाळाचं हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडतं, म्हणून मशीन चपळ लागतं. मग संगणक ते काप एकावर एक रचून अख्खं हृदय उभं करतो. डॉक्टर ते पडद्यावर फिरवतात, मागून बघतात, मधोमध कापून आतही बघतात. एमआरआयमध्ये हेच काम चुंबकाने होतं. किरण नसतात, रक्त कुठे किती वाहतंय तेही मोजता येतं. पण वेळ पाऊण तास ते तास लागतो, आवाज मोठा असतो, आणि लहान मुलाला बहुतेक वेळा भूल द्यावी लागते. कुठली तपासणी चांगली असा सरसकट प्रश्न विचारू नका. आपल्या लेकराबद्दल डॉक्टरांना नक्की काय पाहायचंय, त्यावर ते ठरतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे थ्रीडी प्रिंट. संगणकातलं ते हृदय छपाईच्या यंत्रातून थरावर थर देत प्लास्टिकसारख्या पदार्थात घडवतात. त्या लेकराचंच हृदय, हातात धरता येईल असं. केरळमधल्या कोचीच्या अमृता संस्थेच्या डॉक्टरांनी अशा निवडक, गुंतागुंतीच्या रुग्णांचा अनुभव २०१७ मध्ये बालहृदयरोगाच्या भारतीय नियतकालिकात मांडला. ऑपरेशन करता येईल की नाही आणि कोणतं करायचं, हे ठरवायला त्या नमुन्यांची मदत झाली, असं त्यांनी लिहिलं. पण हे मोजक्या लेकरांसाठी आहे. तुमच्या डॉक्टरांनी प्रिंटचं नाव काढलं नाही, तर काही कमी पडलं असं समजू नका.

लेकराचं हृदय सगळीकडून पाहायची धडपड मशीनच्या आधीपासूनची आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या छातीवर हात ठेवून धडधड ओळखायच्या. एक्स-रेच्या चालत्या पडद्यासमोर लेकराला या कुशीवरून त्या कुशीवर वळवून त्या हृदयाची घडण समजून घ्यायच्या. निळ्या लेकरांच्या फुप्फुसाकडे रक्त कमी जातं आणि नवी वाट करून दिली तर ती वाचतील, हा विचार त्यांचा. ती वाट कशी करायची याचं तंत्र प्रयोगशाळेत बसवलं व्हिव्हियन थॉमस यांनी. ते कृष्णवर्णीय होते, गुलामांचे नातू. डॉक्टर व्हायचं स्वप्न होतं, पण मंदीत बँक बुडाली आणि शिक्षणासाठी साठवलेले पैसे गेले. काम संशोधकाचं करत होते आणि पगाराच्या कागदावर पद होतं झाडूवाल्याचं. २९ नोव्हेंबर १९४४ ला सर्जन अल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या मुलीवर ते ऑपरेशन पहिल्यांदा केलं, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून एकेक टाका सांगत होते. ऑपरेशनला नाव मिळालं ब्लॅलॉक-टॉसिग. थॉमसना मानद डॉक्टरेट मिळाली ती थेट १९७६ मध्ये. आता त्या नावात थॉमस हे नावही घेतलं जातं. तुमच्या लेकराच्या कागदावर 'बीटी शंट' असं लिहिलेलं दिसलं, तर ते हे ऑपरेशन.

आता त्या पिशवीकडे. पिशवीत सिटीच्या मोठ्या काळ्या फिल्मी होत्या, रिपोर्ट होता. सीडी नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांना हवी होती ती सीडी. फिल्मवर मोजकी सपाट चित्रं छापलेली असतात. ती फिरवता येत नाहीत, आत डोकावता येत नाही. शेकडो काप असतात ते सीडीत किंवा पेनड्राइव्हमध्ये, आणि त्यांच्यावरूनच थ्रीडी हृदय पुन्हा उभं करता येतं. सीडी नाही म्हणून दुसऱ्यांदा सिटी. घरी जाऊन पाहिलं तर मोठ्या भावाने ती सायकलच्या चाकाच्या तारांत अडकवली होती, चमकते म्हणून. ओरखडे पडून ती निकामी झालेली. त्या पोराला घरातल्यांनी मारलं. आमच्या मते मार त्याला नको होता. ज्या काउंटरवरून फिल्मी हातात दिल्या, तिथल्या माणसाने दोन वाक्यं बोलायला हवी होती. आम्ही बापाला घेऊन त्या सेंटरवर गेलो. तपासणी संगणकात जपलेली होती. त्यांनी नवी सीडी करून दिली. दुसरा सिटी टळला.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण सिटीचे किरण फुकटचे नसतात. लेकराचं शरीर वाढतं असतं, त्याच्यावर किरणांचा परिणाम मोठ्या माणसापेक्षा जास्त धरतात. गरज असेल तेव्हा सिटी जरूर करायचा, तिथे घाबरून मागे हटायचं नाही. पण कागद हरवला म्हणून दोनदा करायचा नाही. सेंटरवर विचारा, "लहान मुलांचा डोस लावणार ना?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सीडी दोन प्रतींत मागा. एक मूळ घरी स्टीलच्या डब्यात, एक सोबत.

तपासणीच्या आधीच्या उपाशीपणाबद्दल आमचा अनुभव वाईट आहे. 'सकाळी उपाशी आणा' एवढंच सांगतात, आणि माय रात्री आठपासून लेकराला पाणीही देत नाही. झोपेचं औषध किंवा भूल द्यायची असेल तर साधारण नियम असा असतो : जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. तुमच्या दवाखान्याने सांगितलेली वेळ हीच शेवटची, पण ती घड्याळाच्या काट्यावर विचारून लिहून घ्या. निळ्या लेकराचं रक्त आधीच घट्ट असतं. पाणी तुटलं की ते आणखी घट्ट होतं, आणि त्यात धोका असतो. नंबर पुढे ढकलला गेला तर गप्प बसू नका. "आमचं लेकरू निळं पडतं, इतक्या तासांपासून उपाशी आहे, सलाइन लावता का," असं सिस्टरला सांगा. आम्ही स्वतः सिस्टर होतो. गर्दीत असं सांगणारी माय आम्हाला कधी त्रास वाटली नाही. न सांगणारीची काळजी वाटायची.

रंगद्रव्य देण्याआधी मूत्रपिंडाची रक्त तपासणी मागू शकतात. पूर्वी कुठल्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं असेल, दमा असेल, तर आधीच सांगा. रंगद्रव्य जाताना अंगात गरम वाटतं, लेकरू दचकतं, ते लगेच जातं. एमआरआय असेल तर अंगावर धातूचं काहीही चालत नाही. वाळे, कडं, कानातलं, सेफ्टी पिन, सगळं घरीच काढून ठेवा. काळा दोरा आपण सोडला असं आपण म्हणतो, पण बाळाच्या कमरेचा करदोडा अजून बऱ्याच घरांत आहे आणि त्यात चांदीचा घुंगरू असतो. परित्राणाच्या पांढऱ्या सुती दोऱ्यात धातू नसतो, तरी तोही दाखवून विचारा. हृदयात आधी काही बसवलेलं असेल तर त्याचं कार्ड न विसरता दाखवा.

थ्रीडी कुठे लागत नाही तेही सांगतो. वरच्या किंवा खालच्या कप्प्यांमधलं साधं छिद्र, जन्मानंतर बंद व्हायची राहिलेली छोटी नळी, यांचा निर्णय बहुतेक वेळा चांगल्या टू-डी इकोवर होतो. शेजारच्या लेकराचा सिटी झाला म्हणून आपल्याचाही करा, असा आग्रह धरू नका. आणि गरोदरपणात बाळाच्या चेहऱ्याचा गुलाबी थ्रीडी फोटो काढून देतात, तो म्हणजे हृदयाची तपासणी नव्हे. पैसे देऊन तो फोटो आणतात आणि बाळ तपासलं असं समजतात. खरी तपासणी म्हणजे १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराची व्यंगांची सोनोग्राफी. तिच्यात शंका आली, किंवा आईला आधीपासून साखर असेल, आधीच्या लेकराला हृदयदोष असेल, तर पोटातल्या बाळाची इको करतात. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथे हे विचारा.

पैशाचं बोलू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरमधून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ते येतात त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका. कामावर जायच्या घाईत हेच होतं. पथकाने शंका लिहिली की तो कागद धरून पुढची इको, पुढचा दवाखाना, ऑपरेशन ही साखळी चालते. साखळी तुटते ती बहुतेक कागदावर : आधारवरचं नाव वेगळं, जन्मदाखल्यावरचं वेगळं. हे आजच दुरुस्त करा, आजारपणात नको. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. ऑपरेशनच्या मंजुरीत सिटी-एमआरआयचा खर्च धरलाय का, हे सिटी करण्याआधी त्याला विचारा. नंतर विचारून पावती परत मिळत नाही.

नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी बालहृदय केंद्र आहे. तिथे लेकरांचं ऑपरेशन पूर्ण मोफत होतं. नावावरून बिचकू नका, जातधर्म विचारून दाखल करत नाहीत. इथून जाताना देवगिरीने किंवा तपोवनने ठाण्याला उतरलं की पनवेलच्या लोकलने खारघर स्टेशन येतं. हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. दवाखान्याकडून ठरावीक नमुन्यातला दाखला आधी मागून घ्या.

केरळ सरकारने २०१७ मध्ये हृद्यम नावाची योजना काढली. दोष सापडलेल्या प्रत्येक लेकराची नोंद होते आणि कोणाला किती घाई आहे त्याप्रमाणे पाठपुरावा होतो. आपल्याकडे हा पाठपुरावा अजून मायच करते, पिशवी घेऊन. ही मागणी वॉर्डातून वर गेली पाहिजे. तो वेगळा लेख होईल.

एवढी मोठी मशीनं असली तरी सुरुवात घरातल्या डोळ्यांनीच होते. अंगावर पिताना बाळ दमतं का, सोडून सोडून पितं का, कपाळाला घाम येतो का? वजन वाढत नाही, न्यूमोनिया परत परत होतो, श्वासाला बरगड्या आत जातात? आपली लेकरं सावळी. कातडीवरून निळेपणा कळत नाही. उजेडात जीभ, हिरड्या, ओठांची आतली बाजू बघा. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजतात, तो जन्मानंतर २४ तासांनी हाताला आणि पायाला मोजायचा. ९५ पेक्षा कमी आला तर पुन्हा मोजून डॉक्टरांना दाखवा, आणि ९० च्या खाली असेल तर थांबायचंच नाही. निळं लेकरू रडून अचानक जास्त काळंनिळं झालं, धापा टाकू लागलं, तर त्याचे गुडघे छातीशी दाबून धरा, कुशीत घेऊन शांत करा आणि तसंच दवाखान्यात न्या. वर सांगितलेली मुलगी उकिडवी बसायची ती यासाठीच. तिच्या शरीराने ती युक्ती आपोआप शोधली होती.

तिचं ऑपरेशन झालं. बोगदा करता आला, कारण छिद्र महाधमनीच्या जवळ असल्याचं त्या सीडीवरून आधीच दिसलं होतं. ती आता अंगणवाडीत जाते, पुढची इको सहा महिन्यांनी आहे. आम्ही रविवारी वंदनेनंतर विहारातच बसतो. ज्यांच्या घरी हृदयाचे कागद आहेत त्यांनी ते घेऊन यावेत, नावं आणि तारखा जुळवून देऊ. फिल्म गुंडाळू नका, सपाट आणा. आणि सीडी असेल तर तीही आणा.